अंगणातली ताटं

टेबलं चार, खुर्च्या सोळा, आणि जेवायला बसलेली माणसं पंधरा. सोळावी खुर्ची शरणप्पांची होती.

क्रूझ दिवसभर गोव्याच्या बंदरात थांबणार होती. किनाऱ्यावरची गावं दाखवायला निघालेली बस दुपारी एका जुन्या दगडी घरापाशी जेवायला थांबली. किल्लारीचे शरणप्पा भर उन्हात अंगणातच उभे राहिले. त्यांची धाकटी लेक शिवकन्या बाहेर आली.

"अप्पा, मासळीची चूल वेगळी हाय. मी विचारून घेतलंय. चला."

"मासळीचं न्हाई, पोरी. तू जेव जा."

"मग काय? तुमच्यासंगं बसून जेवायचं म्हणून तर आणलं तुम्हाला. काल जहाजात पाण्यावर बिनघोर घोरत होतात, अन् इथं जमिनीवर भ्या वाटायलंय?"

"जहाज लोखंडाचं हाय." त्यांनी भिंतीकडं बघितलं. "हे दगडाचं. भूकंपात तुझी अक्का अशाच भिंतीखाली घावली मला."

शिवकन्या आत गेली आणि दोघांची ताटं बाहेर घेऊन आली. अप्पांनी हातानं जागा दाखवली, तिथं तिनं ती मांडली.

भिंत बारा फूट उंच होती. ताटं भिंतीपासून पंधरा फुटांवर होती.