मुकादमांची तोंडी परीक्षा

"आज वार कोणता?"

"बुधवार."

"आपण कितव्या मजल्यावर राहतो?"

"तिसऱ्या. लिफ्ट चालू असेल तर."

"आणि मी कोण?"

मुकादम क्षणभर खाली बघत राहिले. मग ताठ बसून त्यांनी लेकीचं नाव घेतलं. लेकीनं वहीत बरोबरच्या तीन खुणा केल्या. सलग अकरावा दिवस. तिला आनंदानं रडू येत होतं.

जन्मभर सफाई कामगारांच्या टोळ्या हाकल्यामुळे घरीदारी सगळे त्यांना मुकादमच म्हणत. अल्झायमरनं जेवण झालं की नाही हेही पुसून टाकलं होतं, पण हुकूम सोडायची खोड शाबूत होती. लेक प्रयोगशाळेत उंदरांच्या मेंदूतल्या पेशी मोजायची.

"मेंदूतही सफाई कामगार असतात, बाबा. या आजारात ते बिथरतात, कचरा सोडून चांगल्या पेशींवरच झाडू उगारतात. ड जीवनसत्त्वानं ते ताळ्यावर येतात का, तेच बघतोय आम्ही."

"आधी त्यांच्या चहाचं बघा," मुकादम म्हणाले.

प्रयोग अजून अपुरा होता, तरी ती त्यांना रोज ड जीवनसत्त्वाचे थेंब पाजायची आणि ओल्या गादीसारखं बाल्कनीत उन्हाला टाकायची. प्रयोगशाळेत कोणत्या उंदराला औषध दिलंय हे मोजणाऱ्यापासून लपवतात, मोजणाऱ्याची आशा आकड्यांत शिरू नये म्हणून. घरी मात्र वही आशेच्याच ताब्यात होती. उद्या ती प्रयोगशाळेतल्या साहेबांना दाखवायची होती.

गुरुवारी घरी राहिलेली वही न्यायला ती दुपारीच आली. सांभाळणाऱ्या मावशी औषधाच्या दुकानात गेल्या होत्या. मुकादम बाल्कनीत पेन घेऊन बसले होते. मांडीवर वर्तमानपत्र, डाव्या तळहातावर लिहिलेलं: गुरुवार. तिसरा.

"बदलीवर आलात का बाई?" त्यांनी आवाज खाली आणला. "बरं झालं. मावशी रोज सांगतात, आज विसरल्या. माझ्या मुलीचं नाव तेवढं सांगा. सहाला परीक्षा घ्यायला येते. मी नापास झालो की पोरीचं तोंड एवढंसं होतं हो, बघवत नाही."

तिनं नाव सांगितलं. त्यांनी ते नीट लिहून घेतलं.

सहा वाजता तिनं वही न उघडताच परीक्षा घेतली, आणि पैकीच्या पैकी दिले.