सुतारांच्या थोरलीचं सोंग

"वेणी सोड," बाई म्हणाल्या. "आणि तोंड उघडं ठेव. थोडंसंच. माशी जाईल इतकं नको."

सुतारांच्या थोरलीनं तसं करून दाखवलं. वर्ग खुदखुदला.

"डोळ्यांतली हुशारी दिसतेय गं अजून," पुढच्या रांगेतली भिंगरी म्हणाली. "छताकडे बघ."

भिंगरीला अनुभव होता. गेल्या उन्हाळ्यात तिला बघायला आले, तेव्हा ती अशी काही तोतरी झाली की पाहुण्यांनी पाणीही न पिता गाडी वळवली. म्हणून ती अजून शाळेत होती. या वर्गाला कविता पाठ नसतील, पण हे सोंग साऱ्यांना पाठ होतं.

धान्याच्या जुन्या कोठारात भरणारी ही गावातली मुलींची पहिलीच शाळा. मुलगी जरा मोठी झाली की तिची जागा रिकामी व्हायची. बाई आता थकल्या होत्या, फळ्यावर वरच्या ओळीपर्यंत हात पोचत नसे. त्यांच्यामागे शाळा चालवील अशी थोरली एकटीच. शहरात जाऊन बाईंनी तिच्यासाठी मास्तरणींच्या ट्रेनिंग शाळेत शब्द टाकला होता. तिकडून काही हालचाल नव्हती.

"शहराचं जमलं तर मी आड येत नाही," सुतार सकाळीच सांगून गेला होता. "पण बाई, नुसत्या आशेवर पोरगी किती दिवस ठेवू? मुलाचे काका दुपारी शाळेतच येतील. घरी नटवून दाखवतात, ते त्यांना नको. आहे तशी बघायची म्हणतात. त्यांनी हो म्हटलं की मी मोकळा."

"दाखवते," बाई म्हणाल्या होत्या.

दारात सावली पडली. बगलेत छत्री धरलेला एक सडपातळ गृहस्थ बूट झटकत उभा होता.

"सुतारांच्या थोरल्या मुलीसाठी आलोय. तुम्हाला कल्पना असेलच."

"आहे. बसा."

ते बसले नाहीत. रांगांमधून फिरले, दोनचार पाट्या उचलून पाहिल्या. थोरलीपाशी थांबले. ती छताकडे बघत होती.

"तब्येत कशी असते हिची?"

"बरी असते," बाई म्हणाल्या. "झोपेत चालते, तेवढं सोडलं तर."

"घर सोडून राहील?"

"राहील की. कुठं आहोत हे तिला कळलं तर रडेल."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. बाईंनी नुसतं त्या दिशेला पाहिलं.

"लहान मुलं सांभाळता येतात का?"

"भावाला एकदा घेऊन गेली होती विहिरीवर." बाई थांबल्या. "सापडला नंतर."

गृहस्थांनी मान हलवली. त्यांचा चेहरा पडत चालला होता. बाईंना बरं वाटलं, पण तेवढ्यात गृहस्थांनी खडू उचलला.

एकोणीस आणि चोवीस, त्यांनी फळ्यावर मांडलं, आणि खाली उत्तर लिहिलं, त्रेपन्न.

काकांचं गणित कच्चं आहे, बाईंच्या मनात आलं. मग त्यांनी थोरलीकडे पाहिलं. थोरली छताकडे बघायची विसरली होती. तोंड मिटलं होतं. चुकलेलं गणित दिसलं की तिला खाज सुटल्यासारखं व्हायचं, बाईंनीच तशी सवय लावली होती. तिचा हात हळूहळू वर येत होता.

गृहस्थही त्या हाताकडे बघत होते. एकटक.

बाईंच्या हातून डस्टर खाली पडला. चांगला दणकन.

थोरलीचा हात गालापाशी आला, तिनं गाल खाजवला आणि तोंड पुन्हा उघडलं.

"बरोबर आहे का हे, बाळ?" गृहस्थांनी मऊ आवाजात विचारलं. "घाई नाही. सावकाश बघ."

"छान आहे," थोरली म्हणाली. "अक्षर छान आहे."

त्यांनी खडू खाली ठेवला, बोटं रुमालाला पुसली.

"बाई, स्पष्ट विचारतो. हिच्याकडून काही होईल असं तुम्हाला वाटतं?"

"स्पष्टच सांगते. मी हात टेकले."

"वाईट वाटलं," ते म्हणाले, आणि खरंच वाटलेलं दिसत होतं. छत्री सावरत ते निघून गेले.

पावलं ऐकू येईनाशी होईपर्यंत कुणी हललं नाही. मग सगळ्या एकदम उसळल्या. भिंगरीनं थोरलीच्या गळ्यात उडी मारली. बाई खुर्चीत टेकल्या, हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. "त्रेचाळीस," थोरली पुन्हा पुन्हा म्हणत होती, "बाई, त्रेचाळीस होतात हो!"

"ठाऊक आहे गं मला."

तेवढ्यात सुतार दारात आला. त्याच्यामागे घाम पुसत एक लठ्ठ माणूस उभा होता.

"बाई, हे मुलाचे काका," सुतार म्हणाला. "गाडीचं चाक निखळलं, म्हणून उशीर झाला."

थोरलीच्या गळ्यातले भिंगरीचे हात खाली आले.

"आणि शहरातले ट्रेनिंग शाळेचे साहेब आत्ता वाटेत भेटले. यंदा एकच जागा होती म्हणे, थोरलीसाठीच आले होते. आता दुसऱ्या गावाला देणार. मी हात जोडले बाई, म्हटलं, एकदा आमच्या बाईंचं ऐका." सुतारानं मान खाली घातली. "ते म्हणाले, त्यांचंच ऐकलं."