नॉर्मनला काय सांगायचं?

सिनेमा सुटल्यावर आमची टोळी बो-टाय लावूनच पबमध्ये शिरली. या गुप्तहेराच्या सिनेमाचा प्रत्येक भाग आम्ही वर्षानुवर्षं असाच त्याच्यासारखं नटूनथटून पाहिला. पण आजच्या शेवटच्या भागात त्याला मारूनच टाकलं होतं. "बरोबरच केलं," बिअरचा पेला आपटत ट्रेवर म्हणाला. "गप रे!" ग्लेनिस उसळली, "पेटलेल्या बोटीतून उडी मारायला काय झालं होतं मेल्याला?" दोघं हमरीतुमरीवर आल्यावर मी म्हटलं, "ते राहू द्या. हॉस्पिटलात नॉर्मन वाट बघतोय. डॉक्टरांनी हात टेकलेत. त्याला काय सांगू?" मग ट्रेवरच म्हणाला, "सांग, उडी मारली. पोहत काठाला लागला." संध्याकाळी हॉस्पिटलात जाऊन नॉर्मनला, माझ्या नवऱ्याला, तसंच रंगवून सांगितलं. त्यानं डोळे मिटून ऐकलं, तोंड वाकडं केलं. "छ्या! शेवट पार बिघडवला. दमला असेल गं तो. या वेळी तरी जाऊ द्यायचं होतं त्याला."