दोन्हीकडचा चहा

दुधनीच्या गोदामातले फोन एका कंपनीचे, सोलापूरच्या हेड ऑफिसातले दुसऱ्याच कंपनीचे. ते इंटरनेटवरून एकमेकांना जोडता जोडता शाकीरचा आख्खा आठवडा गेला. शेवटच्या दिवशी गोदामाचे मॅनेजर आप्पा चहाचा कप पुढं करत त्याच्या कानाशी लागले.

“शाकीरभाई, हितनं तिकडं फोन जाऊ द्या. पन तिकडनं हितं घंटी वाजायला नको. जमंल की?”

“जमतंय की, आप्पा,” शाकीर मिशीतल्या मिशीत हसला. कालच सोलापुरात हेड ऑफिसच्या साहेबांनीही त्याला चहा पाजून हेच सांगितलं होतं. त्यानं दोघांचंही मन राखलं.

आज वर्ष झालं. फोन लागत नाही, अशी तक्रार अजून दोन्हीकडून आलेली नाही.