रियाज संपेपर्यंत

आमचे हे ऑपेरात बॅरिटोनच्या खालच्या, जाड पट्टीत गायचे. सकाळचा त्यांचा रियाज संपेपर्यंत मी बोलायचं नाही, हे माझं रोजचं व्रत. ते गेल्याला वर्ष झालं, पण व्रत मोडलं नाही. पियानोवर त्यांचे सूर मीच एकेक पायरी खाली वाजवते आणि शेवटी रिकाम्या खुर्चीला विचारते, "झालं ना हो?"

आज शेवटच्या सुरावरून बोट उचललं, तरी खिडकीची काच थरथरतच राहिली.

खाली नव्याने राहायला आलेली शिंपीणबाई दारात आली.

"ताई, मिस्टरांचा आवाज भारदस्त आहे हो! पण किती खाली जाताहेत? थांबवा ना आता, डब्यातल्या सुया नाचायला लागल्यात."

मला काहीच ऐकू येत नव्हतं. आणि रियाज संपल्याशिवाय मी बोलू कशी?