आई आत आहे

“पण ती आतच आहे ना? मग दार का उघडत नाही?”

आईने हे पुन्हा विचारलं आणि बबडीने कपाळाला हात लावला.

खांब फरशीवर पालथा पडला होता. उंचीमुळे कॉलेजात सगळे त्याला खांबच म्हणत. आत्ता त्याचे पाय थेट स्वयंपाकघरात पोचले होते. दोन जाडजूड पुस्तकांच्या बेचक्यात त्याने फोन उभा केला होता. स्क्रीनवर खुर्ची दिसत होती, बंद दार दिसत होतं आणि खुर्चीत अवघडून बसलेली आई. सिनेमाच्या कोर्ससाठी बबडीने लिहिलेल्या छोट्या फिल्मचं शूटिंग उद्या होतं. आज नुसती तालीम.

खरं म्हणजे फिल्ममधल्या आईचं काम खांबाची आत्या करणार होती. सकाळी ती तापाने आडवी झाली. आईने ते ऐकलं आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आली. “बसायचंच आहे ना खुर्चीत? बसते की मी.” नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. बबडीने खुर्ची दारासमोर ओढली.

गोष्ट सरळ होती. मुलगी भांडून घर सोडते. संध्याकाळी परत येते, दार वाजवते. आई आत आहे, पण उघडत नाही. मुलगी जिना उतरून निघून जाते. सरांना गोष्ट फार आवडली होती. त्यांनी वर्गात वाचून दाखवली होती.

“ती रागावलेली असते,” बबडी म्हणाली.

आईने रागावलेला चेहरा केला.

“काकू, दाढ दुखतेय असं वाटतंय,” खांब फरशीवरून म्हणाला.

“मला काय माहीत दाढ दुखताना कसं दिसतं? आमच्याकडे माणसं येत नाहीत, नुसते दात येतात.” आई कवळ्या बनवायच्या कारखान्यात कामाला होती. तिच्या नखांत कायम पांढरं प्लास्टर असायचं, आजही होतं.

बबडी बाहेर गेली. दार लावून घेतलं आणि वाजवलं. आईने लगेच उघडलं.

“आई, उघडायचं नाहीये.”

“हो गं. सवय.”

दुसऱ्यांदा वाजवलं. पुन्हा उघडलं. “इतक्या जोरात वाजवलंस, मला वाटलं काहीतरी अडलंय तुझं.”

तिसऱ्या वेळी आईने दार उघडलं नाही, पण आतून ओरडून विचारलं, “आता किती वेळ अशीच बसू?”

खांब खो खो हसायला लागला. बबडीला मात्र हसू येईना. ती आत येऊन पलंगावर बसली आणि मांडीवरचे कागद चाळू लागली. बाहेरचं सगळं तिने बारकाईने लिहिलं होतं. जिन्याचा थंड कठडा, वरच्या मजल्यावरून येणारा कुकरच्या शिट्टीचा आवाज, मुलीच्या खांद्याला रुतणारा बॅगेचा पट्टा. आतलं मात्र एकाच ओळीत होतं. आई आत आहे. ती आत काय करते, दाराकडे बघते की पाठ करून बसते, रडते की टीव्ही बघते, काहीच नव्हतं. हे आजवर तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

“मला हाताला काहीतरी काम दे,” आई म्हणाली. “भाजी निवडू का? का झोप लागलीय तिला? आजारी आहे का बिचारी?”

“आजारी नाहीये.”

“मग बहिरी?”

“आई, प्लीज.”

“अगं, मी मुद्दाम नाही विचारत. पोरगी बाहेर दार बडवतेय आणि ही बसलीय. मला जमतच नाहीये. कोण आई अशी बसेल?”

“तू बसली होतीस,” बबडी म्हणाली. शब्द तोंडातून निसटले तसे तिने कागद पालथे केले. “त्या दिवशी जे केलंस, तेच कर.”

खांब हळूच उठला आणि पाणी प्यायला आत गेला.

“कुठल्या दिवशी?”

“मी बॅग घेऊन गेले, त्या दिवशी.”

दोन वर्षं झाली होती. भांडण याच कोर्सवरून झालं होतं. बबडीने लॅचची किल्ली टेबलावर आपटली होती, फोन बंद करून टाकला होता. पुढचा आठवडा तिने मावशीकडे काढला. मग मावशीच तिला घेऊन आली आणि त्या दिवसाबद्दल या घरात कोणी अवाक्षर काढलं नाही.

“त्या दिवशी मी कुठे घरात होते?” आई म्हणाली. “तुझ्यामागे बसस्टँडवर धावले. सुटणाऱ्या एकेका गाडीत चढून बघत होते. एक कंडक्टर तर अंगावरच आला माझ्या, म्हणाला, बाई, जायचंय कुठे ते ठरवा आधी. रात्री तुझ्या मावशीचा फोन आला, बबडी माझ्याकडे आहे म्हणून. तेव्हा कळलं, तुला इथे यायचंच नाहीये. मग कुठल्या तोंडाने बोलावू?”

 काय कशाच्या आधी घडलं, याचा बबडीला मेळ लागेना.

“पण आत दिवा चालू होता,” ती म्हणाली. “दाराखालून उजेड येत होता.”

“घाईत राहिला असेल.” आई नखातलं प्लास्टर कोरायला लागली. मग तिचा हात थांबला. तिने मान वर केली.

“बबडे,” ती म्हणाली, “तू परत आली होतीस?”