पत्त्याची चौकट

"हे रेकॉर्ड दुसऱ्या वापरकर्त्याने उघडले आहे. थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा."

धाकट्या वहिनी सकाळपासून थोड्या थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करत होत्या. शेवटी त्यांनी प्रोग्रामरला बोलावून घेतले आणि स्क्रीन त्याच्याकडे वळवली.

"तुमचं सॉफ्टवेअर रुसलंय. समजूत घाला त्याची."

रुग्णालयाच्या लोखंडी खाटांची ऑर्डर होती, धाकट्या वहिनींनी स्वतः मिळवलेली पहिली मोठी ऑर्डर. जेवणाच्या सुट्टीआधी पक्के पत्र गेले नाही, तर ती दुसऱ्या कारखान्याला जाणार होती. पत्रावरचा भाव आणि क्रमांक या प्रोग्राममधूनच निघत, आणि रुग्णालयाचे रेकॉर्डच अडकले होते.

प्रोग्रामरने सर्व्हर तपासला. बिघाड काहीच नव्हता.

"खाली गोदामातल्या मशीनवर उघडं आहे."

"म्हणजे ताई," धाकट्या वहिनी म्हणाल्या.

ताई म्हणजे त्यांची थोरली जाऊ, मालकांची बायको. कारखान्यात सगळे त्यांना मोठ्या वहिनी म्हणत. गोदामाच्या कोपऱ्यात, खाटांच्या पायांच्या गठ्ठ्यांशेजारी त्यांचे टेबल होते. प्रोग्रामर खाली आला तेव्हा त्या शांतपणे स्क्रीनसमोर बसल्या होत्या.

"वहिनी, रुग्णालयाचं रेकॉर्ड तुमच्याकडे उघडं राहिलंय."

"राहिलं नाही. मी उघडलंय. पत्ता दुरुस्त करतेय."

"सकाळपासून?"

"मोठं रुग्णालय आहे."

प्रोग्रामर हसला. त्या हसल्या नाहीत.

"तुम्ही नुसत्या पत्त्यात असलात तरी अख्खं रेकॉर्ड अडतं, वहिनी."

"ठाऊक आहे. तुम्हीच सांगितलं होतंत, माझे हक्क काढलेत तेव्हा. भाव भरणं वर धाकटीकडे गेलं, ऑर्डर घेणंही गेलं. पत्त्याची एवढी चौकट राहू दिलीत. म्हटलं, तीच नीट सांभाळावी."

"मला वरून सांगितलं, मी केलं."

"तुम्हाला कोण काय म्हणतंय?"

प्रोग्रामर वर गेला. प्रोग्राम लिहितानाच जे घालायला हवे होते ते त्याने आता घातले: रेकॉर्ड उघडून कोणी काही वेळ एकही कळ दाबली नाही, तर ते आपोआप मोकळे व्हावे. मग, कोणाचे अर्धवट काम वाया जाऊ नये म्हणून, त्याने खाली फोन करून तसे कळवले.

"बरं झालं सांगितलंत," मोठ्या वहिनी म्हणाल्या.

धाकट्या वहिनी माउसवर हात ठेवून बसल्या. ठरलेला वेळ गेला. त्यांनी रेकॉर्ड उघडायला घेतले. तेच वाक्य आले. पुन्हा थांबल्या, पुन्हा उघडायला घेतले. तेच.

या वेळी दोघेही खाली उतरले.

मोठ्या वहिनी डाव्या हाताने चहा पीत होत्या. उजव्या हाताचे एक बोट कीबोर्डवर चालले होते. पत्त्याच्या शेवटी एक मोकळी जागा टाकायची, ती पुसायची. पुन्हा टाकायची, पुन्हा पुसायची. गठ्ठे उचलणारी माणसे हातातले काम सोडून बघत उभी होती.

"ताई, हे काय चाललंय?"

"काम."

"ऑर्डर जाईल. नुकसान तुमचंही आहे."

"माझं त्यात काय आहे? पत्ता. तो तर आहे जागेवर."

धाकट्या वहिनी प्रोग्रामरकडे वळल्या. "यांना बाहेर काढा. काढता येतं ना?"

"येतं. पण मालकांचा पासवर्ड लागतो."

मालकांना बोलावले. ते चष्मा पुसत आले. प्रोग्रामरने लॅपटॉप टेबलावर ठेवून त्यांच्याकडे फिरवला. पासवर्डची रिकामी ओळ लुकलुकत होती. मालकांनी आधी बायकोच्या बोटाकडे पाहिले, मग जमलेल्या माणसांकडे.

"अगं, पुरे आता. लोक बघताहेत."

"बघू देत. मागच्या वेळी कोणी बघत नव्हतं. केबिनमध्ये बसून पासवर्ड टाकलात, संध्याकाळी घरी आलात, जेवलात, भाजी छान झालीय म्हणालात. माझे हक्क गेले हे मला दुसऱ्या दिवशी या स्क्रीननं सांगितलं." बोट थांबले नव्हते. "पासवर्ड तोच आहे. टाका. या वेळी मी समोर आहे."

मालकांनी लॅपटॉपवर हात ठेवला. मोठ्या वहिनी आता स्क्रीनकडे बघतच नव्हत्या. त्या नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होत्या.

"भाऊजी, टाका ना," धाकट्या वहिनी म्हणाल्या.

मालकांनी दोन-तीन अक्षरे टाकली. मान वर केली. टाकलेली अक्षरे पुसली.

वर फोन वाजू लागला. धाकट्या वहिनी जिन्याकडे धावल्या. डोक्यावरच्या फळ्यांमधून त्यांचा आवाज खाली येत होता. "पत्र तयारच आहे हो... नाही, फक्त क्रमांक पडायचाय... अहो, ऐका तरी... दिलीत दुसऱ्यांना?"

मग फोन ठेवल्याचा आवाज आला. खुर्ची सरकल्याचे ऐकू आले.

मोठ्या वहिनींनी रेकॉर्ड जतन केले आणि बंद केले. कप बशीत ठेवला. लॅपटॉप आणखी थोडा नवऱ्याच्या पुढ्यात सरकवला.

"आता टाका," त्या म्हणाल्या.